फुकटचे सुख

आमच्या घरी ‘फुकट’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाई. वाईला आमच्या आळीतला कोणी काम नसताना दारात येऊन चहा पिऊन गेला, की आजी म्हणे, “झालं, येऊन गेला फुकट्या!” अण्णा पोस्टात कारकून होते. दिवसभर त्यांच्या हाताखालून तिकिटेच तिकिटे जात. पण घरच्या पत्राला लागणारे तिकीट ते खिशातले पैसे टाकून, दुसऱ्या कारकुनाकडून विकत घेत. अशा घरात वाढलेली मी वयाच्या तिसाव्या वर्षी लंडनला गेले, आणि तेथे जवळजवळ तीन वर्षे फुकट जगले. जेवणखाण आणि घरभाडे काही फुकट नव्हते. परंतु ज्याला सुख म्हणता येईल असे जे जे मला त्या काळात मिळाले, त्यासाठी मी एक छदामही मोजला नाही. त्या सुखाची ही हकिगत आहे. तिच्याबरोबर एक प्रश्नही आला, आणि तो मला अजून पुरता सुटलेला नाही.

२००४ च्या ऑक्टोबरात आम्ही तेथे गेलो. नोकरी मुकुंदला होती. मी साताऱ्याला एका शाळेत सात वर्षे शिकवीत होते. पण माझ्या शिक्षणाचा दाखला तेथे चालत नव्हता, आणि तो चालता करून घ्यायला वेळ व पैसा दोन्ही लागणार होते. केंटिश टाउन भागात आम्ही एक खोली घेतली. तिच्याच एका कोपऱ्यात स्वयंपाक. भाड्यात पगाराचा निम्मा भाग जाई. पौंड तेव्हा ऐंशी रुपयांच्या वर होता, आणि नव्याने आलेल्या माणसाला हा गुणाकार सुटत नाही. कोबीचा गड्डा हातात घेतला की त्याचे रुपये होत, आणि गड्डा परत जागेवर जाई.

मुकुंद सकाळी जाताना टेबलावर पैसे ठेवून जाई. “लागतील तसे घे,” असे म्हणे, आणि ते मनापासून म्हणे. पण ज्या बाईला दर महिन्याला स्वतःच्या पगारावर सही करण्याची सवय झालेली असते, तिला टेबलावरचे पैसे उचलताना काय वाटते ते त्याला समजण्यासारखे नव्हते, आणि मीही कधी सांगितले नाही. मी मनाशी एक नियम केला : भाजी-दुधासाठी ते पैसे घ्यायचे, सुखासाठी नाही. सुख जे काही असेल ते फुकट मिळाले पाहिजे.

आणि लंडन हे असा नियम करणाऱ्या माणसाला फार सोयीचे शहर आहे. सरकारी संग्रहालये आणि चित्रशाळा तेथे खुल्या आहेत. बागा खुल्या आहेत. ट्रफाल्गर चौकाच्या कडेला सेंट मार्टिनचे देऊळ आहे, तेथे ठरावीक दिवशी दुपारी कोणी व्हायोलिन वाजवते, कोणी गाते. कोणीही जाऊन बसावे. रविवारी हाइड पार्कच्या कोपऱ्यावर लोक स्टुलावर उभे राहून जगाच्या उद्धारापासून जगाच्या विनाशापर्यंत वाटेल त्या विषयावर बोलतात, आणि ऐकणारे त्यांना मध्येच अडवून भांडतात. आमच्या खोलीपासून ब्रिटिश म्युझियम पायी पाऊण तासावर होते; म्हणजे बसचाही खर्च नाही.

मी एक वही केली. नगरपालिकेच्या वाचनालयातून लंडनवरची पुस्तके आणली, तीही फुकटच, आणि वहीत स्थळांची यादी उतरवली. मग रोज सकाळची आवराआवर झाली की मी निघे. एका दिवसात दोन, कधी तीन ठिकाणे. पाहिलेल्या स्थळापुढे रात्री फुली मारी. एवढेच नव्हे, टॉवर ऑफ लंडनला जे तिकीट पडते त्याच्याशी तुलना करून, आज आपण किती पौंडांचे पाहिले याचा हिशेबही मी मनात मांडी. एका रात्री मुकुंदने विचारले, “आज काय पाहिलंस?” मी म्हटले, “तीन संग्रहालयं.” “काय होतं त्यांत?” मी आठवू लागले. घड्याळे होती, भांडी होती, एक मोठा सांगाडा होता. कोणते कोठे होते ते मला सांगता येईना. तो हसून म्हणाला, “तू पाहून येतेस की मोजून येतेस?”

मला राग आला, कारण ते खरे होते. ‘फुकट ते पौष्टिक’ असे आपण चेष्टेने म्हणतो. त्या चेष्टेतल्या माणसासारखी मी झाले होते. लग्नाच्या पंक्तीत पोट भरल्यावरही जो वाढप्याला नको म्हणत नाही, त्याला जिलबीची चव कळत नाही. त्याला फक्त जिलब्यांची संख्या कळते.

हे सुटले ते पावसामुळे. जानेवारी महिना होता. नॅशनल गॅलरीत शिरेपर्यंत माझे बूट आतून भिजले होते. चालवेना, म्हणून मी पहिल्या सापडलेल्या बाकावर बसले. समोर रेम्ब्रांटने स्वतःचे काढलेले चित्र होते. त्रेसष्टाव्या वर्षीचे, १६६९ सालचे, म्हणजे ज्या वर्षी तो वारला त्याच वर्षीचे. हा मनुष्य एके काळी ॲम्स्टरडॅममध्ये मोठ्या घरात राहत होता. १६५६ साली त्याचे दिवाळे निघाले. घर गेले, हौसेने जमवलेल्या वस्तू गेल्या. त्यानंतर तेरा वर्षांनी त्याने आरशात पाहून हा चेहरा रंगवला. फुगलेले नाक, डोळ्यांखालच्या वळ्या, एकमेकांत घेतलेले हात. चेहऱ्यावर तक्रार नाही, आणि तक्रार नसल्याचा अभिमानही नाही. मी बूट वाळण्याची वाट पाहत बसले होते ती दोन तास बसले. उठले तेव्हा बूट ओलेच होते.

तिकीट काढून गेले असते तर मी असे बसले नसते, हे मला घरी जाताना सुचले. पैसे मोजले की माणूस ते वसूल करायला लागतो. दहा पौंड दिले, तर दहा दालने पाहिली पाहिजेत. आणि माझ्यासारखा लोभी मनुष्य पैसे न देताही वसुली करीतच असतो, ही त्याच्या पुढची गंमत. पण जेथे काही दिलेले नाही तेथे वसूल करण्यासारखेही काही नसते, हे एकदा अंगात मुरले की मग मोकळीक मिळते. पाच मिनिटांत उठून जावे, नाहीतर एका चित्रापुढे दोन तास घालवावेत. काहीच बुडत नाही. मी वही बंद केली. दर मंगळवारी त्या एका बाकावर जाऊ लागले. सुखाची सुरुवात खरी तेथून झाली.

तीन-चार महिने गेले असतील. त्या दालनात खुर्ची टाकून एक वयस्क पहारेकरी बसत असे. एके दिवशी मी आत शिरताच तो म्हणाला, “तुम्ही मंगळवारी येता. बरोबर करता, मंगळवारी ही खोली शांत असते.” बस, एवढेच. त्याने ते चांगुलपणाने म्हटले होते. माझ्या मात्र कानशिलापर्यंत रक्त चढले. मला वाटले, आपण ओळखलो गेलो. दर मंगळवारी येते, दोन तास बसते, दाराशी ठेवलेल्या पेटीत कधी काही टाकीत नाही, अशी ती बाई. आजीचा आवाज कानात आला : येऊन गेली फुकटी!

कारण दाराशी पेटी असते. तेथील सगळ्या खुल्या संग्रहालयांत असते. सक्ती नाही, कोणी पाहत नाही, पाटीवर फक्त एक विनंती असते. ब्रिटिश म्युझियममधली पेटी तर पारदर्शक आहे. आत देशोदेशींच्या नोटा दिसतात. त्या पेटीजवळून जाताना मी चालण्याचा वेग किंचित वाढवीत असे. आजपर्यंत हे मी कोणाला सांगितलेले नाही.

त्या दिवसापासून मला एक खोड लागली. जे जे फुकट मिळते ते कोणी दिले याचा शोध घेण्याची. आणि शोध घेऊ लागले तसे ध्यानात आले की फुकट असे काही नसतेच. आपण पैसे दिलेले नाहीत एवढाच त्या शब्दाचा अर्थ. दुसऱ्या कोणीतरी ते दिलेले असतात.

आमच्या घरापासून वीस-पंचवीस मिनिटांवर पार्लमेंट हिल नावाची टेकडी आहे. हॅम्पस्टेड हीथ या विस्तीर्ण माळरानाचा तो दक्षिणेकडचा भाग. वाऱ्याच्या दिवशी तेथे पतंग उडतात, आणि खाली सेंट पॉलच्या घुमटापर्यंत सारे शहर पसरलेले दिसते. मला वाटे, टेकडी ती टेकडी. तिला कोण कशाला पैसे देईल? पण या माळाच्या जमीनदाराने १८२९ पासून तेथे घरे बांधण्याचा हट्ट धरला होता. लोक चाळीस वर्षे त्याच्याशी भांडले. तो मेल्यावर, १८७१ च्या कायद्याने माळ लोकांचा झाला. पार्लमेंट हिलची जमीन तर १८८९ साली विकत घ्यावी लागली, आणि त्या पैशांत सरकारी पैशांबरोबर लोकांनी जमवलेला पैसाही होता. ऑक्टेव्हिया हिल नावाची एक बाई त्या खटपटीत होती. गरिबांच्या घरांसाठी आयुष्यभर झटलेली ही बाई म्हणे, की गरिबाला खोलीइतकीच मोकळ्या हवेची गरज आहे. ज्या टेकडीवर मी आयत्या बसून सूर्यास्त पाहत होते, तिच्यावर घरे उठू नयेत म्हणून कोणीतरी दारोदार हिंडले होते.

त्याच माळाच्या दुसऱ्या टोकाला केनवुड हा वाडा आहे. तेथेही रेम्ब्रांटचे एक आत्मचित्र आहे आणि तेही कोणालाही पाहता येते. तो वाडा आणि ती चित्रे लॉर्ड आयव्ही यांनी १९२७ साली राष्ट्राला ठेवली. हे आयव्ही म्हणजे गिनेस बिअरचे मालक. म्हणजे मी जे चित्र पाहत होते त्याचे पैसे डब्लिनपासून कोठकोठल्या पिणाऱ्यांनी पेला पेला करून भरले होते.

ब्रिटिश म्युझियमची कथा याहून गुंतागुंतीची. डॉक्टर हॅन्स स्लोन १७५३ साली वारले. आपला प्रचंड संग्रह वीस हजार पौंडांना राष्ट्राने घ्यावा, असे त्यांनी लिहून ठेवले होते. पार्लमेंटजवळ तेवढे पैसे नव्हते किंवा द्यायचे नव्हते. म्हणून सोडत काढली. हजारो लोकांनी बक्षिसाच्या आशेने तिकिटे घेतली, त्या सोडतीत घोटाळेही झाले, आणि त्या पैशांतून हे संग्रहालय उभे राहिले. १७५९ च्या जानेवारीत ते उघडले. १९७४ मधले थोडे महिने सोडले तर त्याने आत येण्याचे पैसे कोणाकडून घेतलेले नाहीत. पण स्लोन यांच्याजवळ एवढा संग्रह करण्याइतका पैसा आला कोठून? त्यांच्या पत्नीच्या पहिल्या नवऱ्याचे जमेकात उसाचे मळे होते. त्या मळ्यांचे उत्पन्न घरात येई, आणि त्या मळ्यांवर गुलाम राबत. त्या गुलामांनीही या संग्रहालयाचे पैसे भरले. त्यांना कोणी विचारले नव्हते.

आणि मग मला अमरावती सापडली.

म्युझियमच्या उत्तरेकडच्या अंगाला काचेच्या भिंतीआड एक लांबट दालन आहे. त्यात फिकट हिरवट पांढऱ्या दगडांवर कोरलेली शिल्पे ओळीने लावली आहेत. हत्ती, कमळे, झुकलेल्या माणसांची गर्दी, मधोमध रिकामे आसन. अमरावतीच्या स्तूपाचे हे दगड. खालच्या पाटीवर लिहिले होते, कृष्णा नदीच्या काठचा स्तूप. मी पाटी पुन्हा वाचली. माझ्या जन्माच्या घरापासून नदीचा घाट शंभर पावलांवर. महाबळेश्वरला उगम पावून जी आमच्या वाईत येते, जिच्यात मी पोहायला शिकले, तीच नदी दख्खन ओलांडून आंध्रात जाते आणि त्या स्तूपाला वळसा घालते. त्या नदीकाठचे दगड लंडनमध्ये काचेमागे होते, आणि मीही लंडनमध्ये होते. बराच वेळ मी तेथून हलले नाही.

पुढे मी त्यांची हकिगत वाचली. १८४५ साली वॉल्टर एलियट या मद्रासच्या अधिकाऱ्याने ते खणून काढले, १८५९ साली ते लंडनला आले. आल्यावर काही वर्षे एका गाडीखान्यात पडले होते. १८८० साली म्युझियममध्ये गेले. मी जे वाचले नसते तर बरे वाटले असते, तेही वाचले : एलियट येण्याच्या पन्नास वर्षे आधीच तेथला जमीनदार त्या स्तूपाचे दगड काढून आपल्या बांधकामाला लावीत होता. पण ती गोष्ट मी मनाच्या मागच्या कप्प्यात टाकली. कारण मला जे हवे होते ते मिळाले होते. पेटीजवळून मान वर करून जाण्याचे कारण मला मिळाले होते. हे संग्रहालय मला फुकट नाही. माझ्या नदीने याचे पैसे आगाऊच भरले आहेत!

यानंतर माझी परिस्थिती पालटली. २००६ मध्ये जवळच्या एका शाळेत मुलांच्या जेवणाच्या सुट्टीत देखरेख करण्याचे काम मला मिळाले. पगार थोडा, पण माझा. आता पेटीत दोन पौंड टाकण्यासाठी टेबलावरच्या पैशांना हात लावण्याचे कारण नव्हते. तरी मी टाकीत नव्हते. गरिबीचे कारण संपले तेव्हा इतिहासाचे कारण हाताशी होते. मनुष्य पैसे न देण्याचे ठरवतो आधी, आणि त्याला तत्त्वाचा आधार शोधतो मागाहून.

२००७ च्या उन्हाळ्यात अण्णा आले. एकाहत्तर वर्षांचे, डोक्यावर गांधी टोपी, पायांत मुकुंदने आणून दिलेले कॅनव्हासचे बूट. आई गेल्यापासून ते वाई सोडून कोठे गेले नव्हते. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना म्युझियममध्ये नेले. आत शिरताच त्यांनी विचारले, “तिकीट किती?”

मी जरा अभिमानाने म्हटले, “काही नाही. फुकट आहे.”

अण्णा तेथेच थांबले. “मग चालतं कसं हे? वर्गणी कुठं देतात?”

मी त्यांना घाईने पुढे काढले. थेट अमरावतीच्या दालनात नेले. कृष्णेचे नाव सांगताच त्यांनी बूट काढले, काचेपासून थोडे दूर उभे राहून हात जोडले, आणि मग एकेक दगड बघत टोकापर्यंत गेले. परत आल्यावर मी माझा सिद्धांत त्यांना ऐकवला. हे आपले आहे, आपल्याकडून आलेले आहे, मग यांच्या पेटीत आपण पैसे का टाकायचे?

अण्णा बाकावर बसून बूट चढवीत होते. नाडी बांधता बांधता म्हणाले, “दगड परत मागायचे असतील तर मागावेत की. जरूर मागावेत. पण त्याचा आणि पेटीचा काय संबंध? अगं, ज्याच्याशी भांडायचंय त्याचं फुकट खाऊ नये. भांडणाचा आवाज खाली येतो.”

जाताना ते पेटीपाशी गेले. कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढून शंभर रुपयांची नोट तीतून आत सरकवली. मी म्हटले, “अण्णा, त्यांना तिचा काय उपयोग?” ते म्हणाले, “ते त्यांचं ते बघतील. मी दोन तास बसलो ना इथं?” मग मी पर्स उघडली. पेटीत पडलेले ते माझे पहिले पैसे. तीन वर्षे झाली होती.

त्या रात्री मला आमच्या आळीतल्या एका काकूंची आठवण झाली. वाईला हिवाळा सरता सरता कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो. एकेका आळीचा उत्सव तिच्या तिच्या घाटावर. मांडव पडतो, कृष्णाबाईची मूर्ती बसते, कीर्तने होतात, गाणी होतात, आणि शेवटी प्रसादाचे जेवण. कीर्तन कोणीही ऐकावे, प्रसादाला कोणीही बसावे. दाराशी पावती पाहणारा उभा नसतो. त्याआधी काही दिवस मात्र वर्गणी गोळा होते. आमच्या आळीत ते काम अण्णांकडे असे, आणि लहानपणी पावतीपुस्तक धरून मी त्यांच्या मागे हिंडे. काकू चार घरी स्वयंपाक करून पोट भरीत. त्यांची वर्गणी दरवर्षी एक रुपया. एका वर्षी त्या आजारी होत्या, कामे सुटली होती. म्हणून अण्णा त्यांचे घर टाळून पुढे गेले. संध्याकाळी काकू काठी टेकीत आमच्या ओसरीवर आल्या. असे संतापलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. “माझी पावती का नाही फाडली?” त्या म्हणाल्या, “मी काय मेले? आता प्रसादाला कोणत्या तोंडानं बसू?” अण्णांनी त्यांची माफी मागितली आणि आठ आण्यांची पावती फाडली. पावती कमरेला खोचून त्या गेल्या.

मला तेव्हा वाटले होते, केवढी ही मानी बाई! लंडनच्या त्या रात्री समजले की मान हा त्या गोष्टीतला लहान भाग होता. काकूंना प्रसाद हवा होता. पण उपकार म्हणून नव्हे आणि हक्क म्हणूनही नव्हे. उत्सव आपलाही आहे म्हणून हवा होता. आणि तो आपला असण्यासाठी त्यात आपले काहीतरी असावे लागते. किती, हा प्रश्न नाही. आठ आण्यांत शंभर माणसांचे जेवण होत नाही हे काकूंनाही कळत होते.

परक्या शहरात नवा मनुष्य दोन प्रकारांनी चुकतो, असे मला वाटते. एक तर जे मिळते ते भीक म्हणून घेतो, अंग चोरून वावरतो, आणि पहारेकरी दोन चांगले शब्द बोलला तरी शरमतो. नाहीतर जे मिळते ते वसुली म्हणून घेतो. यांनी आमचे लुटले, आता आमची पाळी, असे म्हणत घेतो. मी दोन्ही करून पाहिले. दोन्हींत एक सोय आहे, ती ही की आपल्याला काही द्यावे लागत नाही. भिकाऱ्याजवळ द्यायला नसते आणि सावकाराला द्यायचे नसते. तिसरा मार्ग वर्गणीचा. त्यात घेणाऱ्याने देणाऱ्यांत जाऊन बसायचे असते. टेकडीसाठी दारोदार फिरलेल्या माणसांना मी काही परत करू शकत नाही. ते केव्हाच गेले. त्यांनीही माझ्यासाठी म्हणून काही केले नव्हते. वाईची कोणी एक बाई तेथे येऊन बसेल हे त्यांच्या स्वप्नातही नसेल. जे ऋण ज्याचे त्याला फेडता येत नाही, ते पुढे येणाऱ्याला द्यायचे, एवढीच त्याची रीत आहे.

पण येथे मला थांबावे लागते. प्रश्न पुरता सुटलेला नाही असे मी प्रारंभी म्हटले ते याच ठिकाणी. बिअर पिणाऱ्यांची वर्गणी ठीक. सोडत घेणाऱ्यांची ठीक. त्यांनी लोभाने का होईना, स्वतः दिली. जमेकाच्या मळ्यावर राबलेल्या माणसाकडून जे घेतले, त्याला वर्गणी म्हणणे हा त्याचा दुसऱ्यांदा अपमान होईल. म्युझियमने २०२० साली स्लोन यांचा अर्धपुतळा चौथऱ्यावरून काढून काचेच्या कपाटात ठेवला आणि त्यांच्या संपत्तीचा गुलामगिरीशी असलेला संबंध शेजारी लिहिला. ठीक झाले. पण पाटी लिहिल्याने पावती फाडली जात नाही. मी पेटीत टाकलेले दोन पौंड त्या माणसापर्यंत जात नाहीत, आणि अमरावतीच्या काठी उभ्या असलेल्या मुलापर्यंतही जात नाहीत. मग ते दालन पाहून मला जे सुख होते ते निर्मळ आहे काय? नाही. म्हणून तेथे जाणे सोडावे काय? तसेही मला वाटत नाही. ज्यांच्याकडून हिसकावले त्यांची आठवण ठेवून पाहावे, आणि पाहिल्यावर ती बोलून दाखवावी, इथपर्यंतच माझी बुद्धी जाते. सुखात एक खडा राहतो. तो काढून टाकण्याचा मी पूर्वी प्रयत्न करी. आता करीत नाही. भातात खडा लागला म्हणजे मनुष्य सावकाश जेवतो.

अण्णा २०१५ साली गेले. आता मी लंडनमध्येच शिक्षिका आहे. तो दाखला अखेर चालता झाला. ओळखीपाळखीतून कोणी ना कोणी नवी मुलगी महाराष्ट्रातून येत असते. कोणी शिकायला, कोणी नवऱ्याबरोबर. एखाद्या रविवारी मी तिला फिरायला नेते. ही माझी वर्गणी म्हणता येईल, पण खरे सांगायचे तर मलाही सोबत होते.

गेल्या वसंतात अशीच एक मुलगी आली होती, कोल्हापूरची. तिच्या फोनमध्ये यादी होती : लंडनमधील फुकट पाहण्याची स्थळे. चार वाजेपर्यंत तिला पाच स्थळे उरकायची होती. मी तिला पार्लमेंट हिलवर नेले. तिने शहराचे चार फोटो काढले आणि म्हणाली, “झालं, ताई. पुढचं कुठलं?” मी म्हटले, “बस जरा.” तेथे पुष्कळ बाके आहेत, आणि बहुतेक बाकांवर लहान पट्ट्या आहेत. अमका माणूस, अमक्या सालापासून अमक्या सालापर्यंत. त्याला ही जागा आवडत असे. त्याच्या माणसांनी त्याच्या नावाने बाक ठेवलेले असते, येणाऱ्याजाणाऱ्याने बसावे म्हणून.

मुलगी बसली. थोड्या वेळाने वळून तिने पाठीमागची पट्टी वाचली. मग अंग आवरून, बाकाच्या कडेला सरकून बसली, जसे आपण कोणाच्या घरी बसतो. मला ते पाहून जुने दिवस आठवले. मी म्हटले, “नीट टेकून बस. त्यासाठीच ठेवलंय.” खाली घुमटावर ऊन पडले होते. कोणाचा तरी पतंग तुटून झाडात अडकला होता, आणि एक लहान मूल खाली उभे राहून त्याच्याकडे पाहत होते. यादीतली उरलेली चार स्थळे त्या दिवशी आमच्याकडून राहून गेली.